अंगठा जुळत नाही

दहा तारखेला भाऊ त्याला आणायचा, मनगट धरून.
नंदगडच्या बाजारात, खताच्या दुकानामागं माझी खोली:
एक टेबल, एक पंखा,
आणि काडेपेटीएवढं लाल उजेडाचं मशीन.
मी म्हणायची, ठेव अंगठा.
भाऊ म्हणायचा, त्याला ऐकू येत न्हाई ओ आक्का,
आणि अंगठा उचलून टेकवायचा
शिक्का उचलावा तसा.

जुळत नाही.
परत. जुळत नाही.
वीटभट्टीनं रेषा खाल्लेल्या.
मी ड्रॉवरात लिंबाची फोड ठेवायची, चोळून द्यायची.
सातव्या-आठव्यांदा जुळायचं.
पेन्शनच्या नोटा मी भावाच्या हातात मोजायची.
दर अंगठ्यामागं मलाही सुटायचे थोडे पैसे,
हे आधीच सांगितलेलं बरं.

चार वर्षं.
पासबुकावरचं नाव मी कधी मोठ्यानं वाचलं नाही:
भरमाणी टोपाण्णा घाडी, वय एकेचाळीस.
गावात नुसतं मुक्या.

एकदा लिंबू चोळताना बाही वर सरकली.
मनगटावर वळ होता, दाव्याचा.
आमच्याकडं गाय आहे, मला तो वळ ओळखू येतो.
भाऊ न विचारताच बोलला:
रात्री उठून रस्त्याला जातोय, ट्रकचा हॉर्न कळत न्हाई.
बांधतो, भायेरनं कडी घालतो.
खरं जीव हाय की आमचा त्याच्यावर.

आमच्या बाजूला ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
म्हणून आमची प्रत्येक सबब
खरी वाटते.
मलाही वाटली. मी मशीन पुढं सरकवलं.

तीन आठवडे झोप आली नाही, मग फोन केला.
खानापूरहून शाहीन मुल्ला आली, तीनचाकी स्कूटरवर,
कुबड्या पाठीला बांधून.
भावाला म्हणाली, तुम्ही बाहेर बसा.
तो म्हणाला, त्याचं मीच सांगतो.
ती म्हणाली, म्हणूनच.

मग ती हातांनी बोलली,
आणि तो हातांनी बोलला.
पहिल्यांदा अडखळत, मग इतकं
की टेबलावरचा पेला सांडला.
इथल्या पाट्यांवर कन्नड वर की मराठी,
कुणी कुठल्या रात्री डांबर फासलं, सगळं मी बघितलंय.
या बोटांसाठी कुणी कधी
साधी घोषणा दिली नव्हती.

मजुरी कुणाला मिळते? मारतात?
तो उठला. आम्हाला मागल्या भिंतीशी नेलं,
गिलावा न केलेल्या.
दर विटेच्या कोपऱ्यात अंगठा रोवलेला.
खालच्या थरात, जुन्या विटांत, रेषा लख्ख,
वरच्या थरात नुसता खळगा.
भट्टीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं.
या भिंतीत होतं, शाळेच्या भिंतीत,
आणि घरी जाऊन बघितलं तर
माझ्या न्हाणीत.

शाहीननं शेवटी विचारलं, तुला काय पाहिजे?
मला वाटलं, पैसे म्हणेल. दुसरं घर म्हणेल.
त्यानं हवेत दार काढलं,
त्याला बाहेरून कडी काढली,
ती चिमटीत उपटली
आणि आतल्या बाजूला लावली.

तक्रार बेळगावला गेली आहे. तारीख लागते,
मग पुढची लागते.
भाऊ मला बघून थुंकतो.
वहिनी बसस्टँडवर म्हणाली, आमचं घर मोडलंस.
भरमाणी अजून त्याच गोठ्याशेजारच्या खोलीत झोपतो,
खरं दावं नाही.

या दहा तारखेला तो एकटा आला.
शर्टाचं एक बटण चुकलेलं, त्यामुळं पुढची सगळीच.
अंगठा नवव्यांदा जुळला.
नोटा मी त्याच्या तळव्यावर ठेवल्या,
त्यानं परत मोजल्या, थुंकी लावून, सावकाश.
समोरच्या हार्डवेअरात गेला
आणि परत माझ्या टेबलाशी आला, दाखवायला:
लोखंडी कडी, चार स्क्रू, कागदात.

टेबलावर ठेवून त्यानं ती सरकवली.
टक्.
आवाज मला आला.
त्यानं तो बोटाच्या टोकानं घेतला,
मान हलवली,
पुन्हा सरकवली.

मागं रांग होती.
मी कुणालाच पुढं घेतलं नाही.