बसला

आमच्या गावाच्या नावातच तळं आहे, बेकिनकेरे.
केरे म्हणजे तळं, बेक्कु म्हणजे मांजर.
मांजरापुरतंच पाणी उरलंय बघ,
भरमाण्णा म्हणायचा, आणि थुंकायचा.

कंत्राटदारानं काठावरून काठी खुपसली,
मूठ तेवढी वर राहिली.
साडेअकरा लाख, म्हणाला.
पंचायतीच्या खात्यावर एकोणीस हजार.
चहा पिऊन गेला. चहाचे चाळीस आम्हीच दिले.

मी वॉटरमन. माझ्याकडे पाइप असतो,
तीन इंची, काळा, जुन्या नळयोजनेतला.
पोटभर पाणी भरून त्याची दोन्ही तोंडं दाबली,
एक तळ्यात बुडवलं, एक बांधापलीकडे उतारावर,
आणि दोघांनी एकदम हात काढले.
मोटार नाही, वीज नाही,
पाणी आपलं आपण बांध चढलं
आणि सातेरीच्या मिरचीत उतरलं.
नऊ दिवस, नऊ रात्री.
खर्च: एक क्लॅम्प, पंचावन्न रुपये.

मग काहीच केलं नाही.
एप्रिलला त्याचं काम करू दिलं.
ओला गाळ म्हणजे निम्मं पाणीच,
ते वाहायला डिझेल कशाला जाळा?
गाळ तडकला. भेगांत पोरांच्या चपला गेल्या.

गाळ फुकट, ट्रॅक्टर तुमचा, अशी दवंडी दिली.
कुणी आलं नाही.
शेवंता होनगेकर तेवढी आली, दोन खेपा नेल्या,
रताळ्याच्या तांबड्या रानात पसरल्या.
तिसऱ्या दिवशी रांग.
फुकटाला किंमत यायची तर
शेजारणीचं रान काळं दिसावं लागतं.

पिंपळाखालच्या कोपऱ्यात चाकं रुतली.
तिथं माणसंच उतरली, हातोहात पाट्या.
पाटी म्हटलं की इकडे आधी लिपी बघतात.
ही डोक्यावरची.
हिला आम्ही बुट्टी म्हणतो,
वरच्या गल्लीतली कानडी माणसंही बुट्टीच.
गाळाला तेवढं ती हूळु म्हणतात.
मान दुखते ती सारखीच.

सोळाव्या दिवशी भरमाण्णा खाली उतरला.
टाचेनं दाबून बघितलं,
चिमूटभर उचलून दाढेखाली धरलं.
"बस्स. हे गाळ न्हवं गा, तळ हाय.
हे उकरलासा तर पाणी ऱ्हाणार कशावर?"

निळसर, लोण्यासारखी माती. सगळ्यांना हवी.
ट्रॅक्टर चालूच होते. शिव्या पडल्या,
दोन भाषांत, त्यातल्या बऱ्याच सामाईक.
तो तिथंच बसला, मांडी घालून,
टॉवेल डोक्यावर.
ब्रासवर पैसे घेणाऱ्यानं
त्याला उचलून बाजूला ठेवला असता.
आम्ही इंजनं बंद केली.

रात्री वही लिहिली:
क्लॅम्प पंचावन्न. भडंग, चहा, चार पंक्चर,
बुट्ट्या बारा, दोन मोडल्या.
कंत्राटदाराचा चहा चाळीस, तोही धरला.
एकूण सहा हजार तीनशे वीस.

कोणी काय केलं, तेही लिहीत गेलो.
भरमाण्णापुढे पेन अडलं.
तो दारातच होता, नखातला चिखल काढत.
म्हणाला, लिही की,
बसला.