सोडणारी

म्हसरूळच्या पुढे, बोरगडाच्या बाजूला,
फक्कीने आखलेलं वर्तुळ, मधोमध खैरनारकाका,
मुठीत हॅण्डल, कानटोपी तशीच.
डिसेंबर. एरंडेल जळाल्याचा वास.

मी गवतात गुडघ्यावर, विमान धरून.
बाल्साचं, पिवळं, शेपटी दोनदा चिकटवलेली.
इंजिन बोटाला चावून सुरू झालं.
काकांनी मान हलवली. मी सोडलं.

माझं काम एवढंच.

वीस मीटरच्या दोन तारा,
ऊन पडलं तरच दिसणाऱ्या,
आणि त्यांच्या टोकाला ते ओरडत फिरत होतं:
रामशेज, पाण्याची टाकी, परीक्षकांची छत्री, रामशेज.
लूप. उलटं. पुन्हा लूप.

ओझरला चौतीस वर्षं रिबिटं मारली काकांनी,
खऱ्या विमानांच्या पोटात शिरून.
"वर कधी गेलात?" विचारलं होतं मी.
"कोण नेतंय," म्हणाले, आणि तार पुसत राहिले.

आठाचा आकडा जरा लांबट झाला.
मग इंधन संपलं. एकदम
पलीकडच्या द्राक्षबागेतला फवारणीचा पंप ऐकू आला.
दीड फेरी विमान नुसतंच तरंगलं,
काका त्याच्याबरोबर वळत गेले, हळू,
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसे.

टेकलं. गवत चाटून थांबलं.
काका मात्र आणखी पाव फेरी वळले,
मग पाय फाकवून उभे, डोळे मिटून.

पाचवा नंबर. पहिला पिंगळ्यांच्या ओजसचा.
मी तारा रिळावर गुंडाळतेय,
पीळ पडू नये म्हणून बोटांमधून.
"पुढच्या वेळी," काका म्हणतात,
"अर्धा सेकंद उशिरा सोड.
तू घाई करतेस."