चार बोटं रिकामी

भाऊजी होडी लावून आले, दारात पाय धुतले,
कपाटात वाकून बघितलं आणि म्हणाले,
"दर्या हयसून शंभर पावलांर.
नि तू वैनी, कपाटात खारा पाणी भरतंस?"

भरते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाद झालेली काचेची पेटी,
एक कोपरा उडालेला. बावीस वर्षं तिच्यात
मी अकरावीच्या पोरांसाठी बेडूक ठेवले.
आता आत दोन काचा उभ्या चिकटवल्या.
सिलिकॉनचा आंबूस वास दोन दिवस घरभर,
आमटीलासुद्धा.
सत्तारच्या दुकानातून एक इंची पाइप, दोन एल्बो.
"बोअरवेल मारताव काय, बाई?"
"नाही. मासा."
सुटे पैसे देताना त्याने पुन्हा एकदा बघितलं.

वरच्या टाकीतले खडक माझेच,
सिमेंट आणि कालवांच्या शिंपल्यांचे,
तीन महिने पिंपात मुरवलेले.
त्यांच्यातून चालतो, पोहतो कुठला, चालतोच तो,
मँडरिन. निळ्या अंगावर नारिंगी रेघा,
कुणी डुलकी घेत गोंदल्यासारख्या.
दिलेलं खात नाही.
कोळंबी किसून दिली, नाही.
भुकटी, नाही.
त्याला जिवंत हवं, आपलं आपण शोधलेलं,
डोळ्याला दिसलं न दिसलं इतकं बारीक.
महिन्याभरात पोट पाठीला लागलं.

म्हणून खाली ही पेटी.
वरचं पाणी आपल्या वजनाने उतरतं,
वाळूवरून, फुटक्या शिंपल्यांतून,
शेवाळाच्या गोळ्यातून,
जाळं सांधणाऱ्याने वैतागून फेकलेली
हिरव्या नायलॉनची गुंतवळ जशी.
मग पंप त्याला परत वर नेतो.
खाली मासा नाही. खाणारं तोंड नाही.
वर जे गिळलं गेलं असतं, ते इथे अंडी घालतं.

पुस्तकात हिला रेफ्युजियम म्हणतात.
मी आसरा म्हणाले, तर शेजारची द्रौपदीकाकी दचकली;
तिला विहिरीतल्या सात आसरा ठाऊक.
संध्याकाळी कपाटापुढे हळदकुंकू आणि हिरवी बांगडी.
बांगडी मी उचललेली नाही.

दिवा उलटा लावायचा:
वर काळोख झाला की खाली उजेड.
टायमर रात्री दहाचा.

अवधूत मे महिन्यात आला,
जहाजावरचा करार अर्धा टाकून.
का, ते सांगितलं नाही.
चौथ्यांदा आम्ही विचारलं नाही.
दिवसा झोपतो, ताट झाकलेलं तसंच,
रात्रभर जागा,
कुठल्यातरी दुसऱ्याच दर्याच्या घड्याळावर.

शेवटची परीक्षा वीज जाण्याची.
देवगडात ती कळवून जात नाही.
मेन स्विच पाडला, पंप थांबला,
आणि वरचं पाणी खाली यायला लागलं ते
थांबेचना. कपाटातून फरशीवर, फरशीवरून
भाऊजींच्या चपलांपर्यंत.
मग परतीच्या पाइपला दाभणाएवढं भोक पाडलं,
हवा शिरली की ओढ तुटते,
आणि खालची पेटी चार बोटं उतरवली.
भाऊजींना वाटतं, भरायची राहिली.
राहिली नाही, भाऊजी.
वरचं बंद पडलं तर जे खाली येईल,
त्याची ती जागा.

काल पहाटे तीनला पाणी प्यायला उठले.
कपाटाचं दार उघडं, फरशीवर जांभळट उजेड,
अवधूत उकिडवा, नाक काचेला.
"आये, हलतत."
मी काही बोलले नाही.
"पांढरे. काचेवरसून धावतत."
शेजारी बसले. फरशी गार होती.
तो मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
एकशे चाळीसपर्यंत मी ऐकलं,
मग कुठेतरी चुकला,
आणि पुन्हा एकपासून लागला.