उधारीच्या वहीत, मागून

भावाचे गोल मी दुकानातल्या उधारीच्या वहीत मांडले.
पुढून गल्लीची देणी:
दोन किलो पीठ, येर्बाचं पुडकं, साबण, पुन्हा साबण.
आणि मागून, वही उलटी धरून,
आदेमार.

पहिला : फ्राय बेन्तोस, वय सतरा, डोक्याने,
गोलीच्या हातमोज्याला चाटून.
एका बाजूला नदी, दुसरीकडे
कधीचा बंद पडलेला मांसाचा कारखाना,
मैदानात घोटाभर चिखल.
बाबा म्हणाले, पोराला पायगुण आहे.
डोक्याने मारलेल्या गोलावर हे बोलले,
म्हणून तेही लिहून ठेवलं.

मग माँतेविदेओ. दुसऱ्या फळीतला क्लब,
दोन महिने थकलेला पगार,
आणि कपडे बदलायच्या खोलीत एकच गरम नळ.
तरी अकरा. मग तेरा.
मग अख्खा मोसम नुसता तिनावर अडला.
त्या पानावर मातेच्या भांड्याचा गोल डाग आहे,
तो मी मोजलेला नाही.
फोनवर म्हणायचा, "नेली,
स्ट्रायकर म्हणजे नव्वद मिनिटं रांगेत उभा राहून
खिडकी उघडते तेव्हा नेमका लघवीला गेलेला माणूस."
आणि हसायचा.
गोल होत नसले की जास्तच हसायचा.

मग ग्रीस, कावाला.
तिथे दुपार, इथे मी नुकतं शटर वर केलेलं.
ग्रीक मला ओ की ठो कळत नाही,
पण समालोचकाचा श्वास अडकला की पेन्सिल उचलायची.
आमचं आडनाव तो चावून बोलायचा, ओलास्काऽगा,
आणि दोन्या तोमासा चीजसाठी ताटकळत म्हणायची,
झाला का गं? झाला असला तर दोनशे ग्रॅम दे.

सव्वीस फेब्रुवारी. डावा गुडघा.
नोंदीत फक्त एवढंच.
पुढची साडेनऊ महिन्यांची पानं
मी हिशेबाला वापरली नाहीत, उगाच.
गुडघा भरून आला,
एक पाऊल मात्र कायमचं मागे राहिलं.
बचावपटूंनी ते लगेच ओळखलं,
कोण उधारी बुडवणार हे मला
दारातच ओळखू येतं, तसं.

फेडरेशनच्या दप्तरी एकशे एकेचाळीस.
माझ्याकडे एकशे त्रेचाळीस.
एक त्यांनी ऑफसाइड धरला
(मी तिथे होते. नव्हता.)
आणि एक बचावपटूच्या नडगीला लागून आत गेला
म्हणून त्या बिचाऱ्याच्या माथी मारला.
मी दोन्ही खोडलेले नाहीत.

शेवटचा सामना घरच्याच मैदानावर, छत्तिसाव्या वर्षी,
उरलेली वीस मिनिटं.
समोर उघडं जाळं, पायात चेंडू,
आणि याने तो यामिलला दिला,
अठरा वर्षांच्या, पिंपल्स असलेल्या यामिलला.
लोक उठून उभे राहिले.
मी पेन्सिल धरून बसले:
हा कुणाच्या खाती?

आता तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
काल रात्री वही मागितली.
पुढचं चाळलं, मागचं चाळलं,
आणि मधली पानं सापडली,
जी मी कुणालाच दाखवली नव्हती:
हुकलेले. सहाशे नऊ.
दांडीला लागलेले, नदीत गेलेले, नुसते वाया.
वाटलं, भडकेल.
तो प्रत्येकावर बोट ठेवून वाचत गेला,
एके ठिकाणी म्हणाला, हा डाव्या पायाचा होता, उजवा लिहिलायस.
मग पेन्सिल मागितली
आणि मला ठाऊक नसलेले चार
स्वतःच्या हाताने भरले.

तीन सरावातले.
चौथ्यापुढे नुसती तारीख.
त्या दिवशी कुठेच सामना नव्हता.
त्या दिवशी बाबा दवाखान्यात
दाराकडे तोंड करून झोपले होते.

तो काही बोलला नाही. मीही नाही.
सकाळी शेजारचा पोरगा आला,
काखेत चेंडू, पायात एकच चप्पल.
वही सुलटी केली.
सहा अंडी. उधार.