शेगडी

एलेओदोरो नाउएल्किन.
दाल्काउए गावच्या शाळेत एकतीस वर्षं
सुतारकाम शिकवलं त्यानं,
आणि रविवारी संत घडवले.

चिलोए बेटावरचे संत ते, कोळ्यांचे,
दमट हवेत फुगणारे, जानेवारीत तडकणारे.
म्हणून त्यांचे हात तो वेगळे कोरायचा:
मनगटाला कुसू, बाहीत साल,
अडकले तर उपसून, तासून, परत बसवायचे.
"धडाआधी हात म्हातारे होतात," म्हणायचा,
"माणसांचे काय, अन् संतांचे काय."

आम्ही चौदा पोरं, चौदा पटाश्या.
माझ्या पटाशीच्या मुठीला तीन खाचा.
पहिले चार महिने लाकूड दिलंच नाही हातात,
नुसता निसण्याचा दगड आणि पाणी.
टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण नाही, असलं काही
पाद्रीबाबा सांगून गेले एकदा वर्गात.
त्यांची पाठ वळल्यावर हा पुटपुटला,
"घावाचं कौतुक लाकडाला विचारा. तुम्ही धार बघा."

बिघडलं की रागवायचा नाही.
शेगडीचं दार उघडून बाजूला व्हायचा.
टाकायचं ते आपण, आपल्या हातानं.
डुगडुगणारी स्टुलं, कान उडालेले घोडे,
माझा पहिला चमचा.
जुलैच्या थंडीत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना
आमच्या चुकांवर वर्ग ऊबदार राहायचा,
किटलीही त्यावरच उकळायची.

आता तो वर्ग मी घेते.
दर गुरुवारी येतो, शेगडीपाशी बसतो, त्र्याऐंशीचा.
यंदा पलीकडच्या बेटावरून निरोप आला:
संत पेद्रोचा उजवा हात वाळवीनं खाल्लाय.
सहा आठवडे कोरत होता. मान्यिओचं लाकूड,
बोटांवर जाळं ओढल्याचे वळ,
नखाखाली काळी रेघसुद्धा.

आब्दोन, माझ्या वर्गातला सगळ्यात आगाऊ,
वाकून बघत म्हणाला,
"मास्तर, हा पण डावाच झाला."

करवती थांबल्या.
त्यानं तो हात आपल्या उजव्या हातावर ठेवला,
उलटा केला, पुन्हा ठेवला.
अंगठा दाराकडे.

मी म्हणणार होते, असू द्या,
कुठल्या तरी संताला लागेल डावा.
तोवर तो उठला होता.
दार त्यानंच उघडलं.

"लाकूड मात्र चांगलं वाळलं होतं,"
एवढंच म्हणाला,
आणि दोन्ही तळवे जाळापुढे धरले.
पोरांनी स्टुलं पुढे ओढली.