दोन तासांनी

पहाटे पावणेपाचला करीमदादची भट्टी धगधगते,
मुहर्रकच्या आमच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून.
अजान संपते न संपते
तोच पत्र्यावर खुबूस येऊन पडतात,
गाल फुगवून बसलेल्या पोरांसारखे,
आणि वाऱ्याला लागले की रुसवा सोडतात.

एकवीस वर्षं मी तेच खाल्लं,
उभ्यानं, गोदीच्या बसची वाट बघत,
चहात बुडवून. चहात तीन चमचे.
मोजायचे ते फक्त दिनार
आणि रजेला उरलेले महिने.

मग लिस्सी सिस्टरनं बोटाला टोचलं.
अकरा पॉइंट चार.
घरी फोन केला तर वैजयंता म्हणाली,
"अकराच ना? मग काय झालं?
परबांच्या तात्यांची अडीचशे आहे."
इथले आकडे लहान असतात गं, वेगळ्या मापाचे,
हे तिला सांगता सांगता
मलाच नीट कळलं.

"पांढरं बंद," सिस्टर म्हणाली.
सुपरमार्केटात पावांच्या रांगेपुढे उभा राहिलो,
पहिल्यांदा विमानतळावर उतरलो होतो, तसा.
समून, लेबनानी, रगाग, तोस.
एक तपकिरी पाव घेतला, मोठ्या विश्वासानं.
खोलीत रेडकरनं तो उलटा केला:
"पाठीमागचं वाच रे."
मुंगीएवढ्या अक्षरांत आधी मैदा,
तिसरी साखर,
आणि शेवटी रंग.
उन्हात कधी न गेलेला,
पण रापल्यासारखा दिसणारा पाव.
एवढ्या वर्षांत माणसं ओळखायला शिकलो,
हे राहून गेलं होतं.

"भाकरी खा," वैजयंता म्हणाली,
"भाकरीत कुठली आलीय साखर?"
सिस्टरनं विचारलं, "कशाची?"
म्हटलं, तांदळाची. आमच्याकडं तीच.
ती नुसती हसली.
मी खुबूसला परका धरला होता
आणि तांदळाच्या भाकरीला घरची.
साखरेला पासपोर्ट लागत नाही.

मनामाच्या जुन्या बाजारात
भाटियांच्या दुकानी नाचणी मिळाली.
पहिली भाकरी तव्यावर फुटली,
तिच्यातून बेटं झाली, आखात झालं.
दुसरी रेडकरनं थापली.
सिस्टरनं तिलाही लगाम घातला:
"एक. फार तर दीड.
आधी भाजी, आधी डाळ, मग ती.
औषध नाही आहे ती, भाकरी आहे."

त्या रात्री गॅस संपला.
थापलेली भाकरी फडक्यात गुंडाळून
मी करीमदादकडं गेलो, भट्टी विझत आली होती.
तो मागं पोत्यावर बसून जेवत होता:
उकडलेले हरभरे, दही, काकडी,
आणि तळहाताएवढी एक काळसर रोटी.
त्याच्या खुबूसांपैकी एकही नव्हता.

"जवाची," तो म्हणाला.
"सात वर्षं झाली. डॉक्टर."
दिवसाला नऊशे खुबूस काढणारा हा माणूस
त्यांच्याकडे बघत होता
दुसऱ्याच्या लग्नाकडे बघावं तसं.

"आमच्या डोंगरात ही गरिबाची,
पाहुणा आला की आई लपवायची."
मी फडकं सोडलं.
म्हटलं, आमच्याकडं हिचंही तेच.
हिच्यापासून पळालो, म्हणून तर विमानात बसलो.

भट्टीच्या भिंतीला नाचणी चिकटेना,
दोनदा राखेत पडली.
त्यानं ती फुंकर मारून उचलली,
अर्धी मोडून मला दिली,
अर्धी स्वतः घेतली,
हरभऱ्याची वाटी आमच्या मधे सरकवली.
चव? राखेची होती थोडी.
खरं सांगू, खुबूसची सर नाही.

मग दोन तास काढायचे होते.
तो उद्याचं पीठ मळत होता, मी गोण्या मोजत.
मशीन खिशातच होतं.
आठ पॉइंट एक.
"अच्छा है?" त्यानं विचारलं.
म्हटलं, बरं आहे. अच्छा नाही अजून.

त्यानं हात धुतले, पुसले,
पिठाची एक रेघ तरीही राहिली नखाशी,
आणि बोट पुढं केलं:
"सुई बदल. मेरा भी देख."