रुमालाखाली

हरिपूरची पेवं मला नावानं हाक मारायची.
वीस फूट खालून, हळदीच्याही खालून,
सिद्राम, सगळ्यांना कळलंय रे तुझं.
काय कळलंय, ते कधी सांगितलं नाही.

आता पेवं गप्प.
मगदूम बाईंनी सकाळी एक, रात्री एक दिली
आणि तोंडावर फरशी ठेवून
कुणी शेणामातीनं लिंपून घेतल्यासारखं झालं.
कमळाक्का म्हणते, माणसात आलास.
आलो.
चार इंच वाढवलेल्या विजारीत आलो,
रोज सकाळी ओली उशी उन्हात टाकत आलो.

आधी सही बारीक झाली.
आडतीच्या वहीत माझं नाव
मुंग्यांनी ओढत नेल्यासारखं कडेला निघालं.
मग पाय. जेवायला बसलो की उठतात,
उठलो की कुठं जायचं, त्यांनाच ठाऊक नसतं.
चुलीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून चुलीपर्यंत.
अक्का म्हणते, फरशी झिजली रे.

पेव उघडलं की आधी कंदील सोडतात.
विझला, तर उतरायचं नाही कुणी.
मगदूम बाई महिन्यातून एकदा मिरजेत
माझ्यात कंदील सोडतात:
झोप? भूक? कुणी बोलतं का?
नाही म्हणतो.
खरं तर कधी कधी मीच कान देऊन बसतो.

आणि मग हात.
आमच्या पेठेत अजून दोघं-तिघं जुने आहेत,
रुमालाखाली सौदा करणारे.
वर पावसापाण्याच्या गप्पा,
आत बोटं भाव बोलतात.
परवा बाबगोंडा शेटनी रुमाल टाकला,
माझा हात घेतला,
आणि माझा अंगठा आपला आपणच थरथरला.
आणखी पन्नास? शेट म्हणाले.
मी काही बोललो नव्हतो.
गोळी बोलली होती.

भाव फुटला. देवराष्ट्र्याचं पोरगं हसत काट्याकडं गेलं.
शेटनी हात सोडला नाही.
किती घेतोस?
मला वाटलं, दलाली विचारतात.
मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ओठ मिटलेले,
आत जीभ सारखी काहीतरी चघळत होती,
आणि तोंडात पान नव्हतं.

मी दोन बोटं दाबली.
त्यांनी माझ्या तळव्यावर तीन.

रुमाल झटकला.
पिवळी धूळ उडाली.
चला, म्हणाले, पुढचा ढीग.